जवळच्या शब्दांमधले अंतर : प्रस्तावना

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा चालू होती. नेमणूक करताना राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांचा विचार घ्यावा, असे मसुद्यात होते आणि त्यासाठी ‘कन्सल्टेशन’ हा शब्द योजला होता. त्याऐवजी ‘कन्करन्स’, म्हणजे संमती, आवश्यक करावी अशी दुरुस्ती सुचवली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी माणूसच आहेत, त्यांच्या हाती असा नकाराधिकार सोपवणे धोक्याचे ठरेल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. पुढे १९८१ साली एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयानेही विचार घेणे म्हणजे संमती मिळवणे नव्हे, असाच अर्थ लावला. १९९३ साली मात्र नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले आणि आजची कॉलेजियमची पद्धत त्यातून उभी राहिली. दोन्ही शब्द लॅटिन वंशाचे, दोन्हींच्या आरंभी एकच उपसर्ग, दोन्हींचा विषय एकमेकांचे मत. देशाचे न्यायाधीश शेवटी कोणाच्या शब्दावर नेमायचे, हा वाद चार दशकांहून अधिक काळ या दोन शब्दांमधल्या अंतरावर लढला गेला.

अशा अंतरांविषयीचे हे पुस्तक आहे. इंग्रजीतले जवळजवळ समान अर्थाचे शब्द नेमके कुठे वेगळे होतात, हा प्रश्न मराठी वाचकाला शाळेपासून भेडसावतो आणि त्याला सहसा दोन उत्तरे मिळतात. एक उत्तर व्युत्पत्तीकडे बोट दाखवते: मूळ धातू पाहा, फरक कळेल. दुसरे उत्तर सुटसुटीत असते: दोन्हींचा अर्थ एकच, कोणताही वापरा. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. शब्दांमधला फरक बोलणाऱ्यांच्या गरजेतून जन्मतो आणि त्या शब्दांना लाभलेल्या शेजारी शब्दांच्या संगतीत टिकतो, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे. गरज सरली की फरक पुसट होतो, नवी गरज उभी राहिली की कालपर्यंत एकमेकांच्या जागी चालणारे शब्द वेगळ्या वाटा धरतात. हे मान्य केले, तर फरक शिकण्याची आणि शिकवण्याची रीतही बदलावी लागते.

इंग्रजीत असे शब्द एवढ्या संख्येने का साठले, याचे कारण तिच्या इतिहासात आहे. पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये रुजलेल्या जर्मानिक बोलींवर आधी स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेचा थर बसला. दोन्ही भाषा सख्ख्या नात्यातल्या, त्यामुळे एकाच मूळ शब्दाची दोन रूपे शेजारी नांदू लागली. ‘शर्ट’ हे इंग्रजी रूप आणि ‘स्कर्ट’ हे नॉर्स रूप एकाच शब्दाचे आहे, आज त्यातले एक वस्त्र कमरेच्या वर आणि दुसरे खाली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबार, न्यायालय आणि सरदारांची घरे फ्रेंच बोलू लागली. १३६२ साली न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला, तोही फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्द आणले, इतके की १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने केवळ ‘अवघड’ शब्दांचा कोश काढला आणि इंग्रजीतला तोच पहिला एकभाषी कोश मानला जातो. अशा रीतीने विचारण्यासाठी ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ असे तीन थरांतले तीन शब्द मिळाले: पहिला घरातला, दुसरा थोडा औपचारिक, तिसरा पोलीस ठाण्यातला. मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये. आपण माणसाला विनंती करतो, कचेरीत अर्ज करतो आणि देवाची प्रार्थना करतो. अर्ज अरबी-फारसीच्या वाटेने आला, प्रार्थना संस्कृतातून जशीच्या तशी आली, विनंती प्राकृताच्या मुशीतून घडून आली, आणि तिघांनी मागण्याचे काम आपसांत वाटून घेतले.

मात्र शब्द कोणत्या थरातून आला एवढ्यावरून त्याचे आजचे काम ठरत नाही, आणि इथे एका लोकप्रिय समजुतीची तपासणी करायला हवी. प्राण्यांची नावे इंग्रजी आणि त्यांच्या मांसाची नावे फ्रेंच, ही जोडी जॉन वॉलिसने १६५३ च्या आपल्या व्याकरणात टिपली होती. १८१९ साली सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ने ती घराघरांत पोहोचवली. जनावरे पाळणारा इंग्रज, खाणारा नॉर्मन, म्हणून गोठ्यात ‘ऑक्स’ आणि ताटात ‘बीफ’. कथा रंजक आहे, पण पुरावा तिला पूर्ण साथ देत नाही. नॉर्मन विजयानंतर कित्येक शतके ‘बीफ’ आणि ‘मटन’ हे शब्द जिवंत जनावरांसाठीही वापरले जात होते. ‘बीव्ह्ज’ हे गुराढोरांसाठीचे अनेकवचन तर बराच काळ टिकले. विजेत्यांनी भाषेला दोन शब्द दिले, त्यांच्यातली सरहद्द मात्र पुढच्या अनेक पिढ्यांनी स्वयंपाकघर आणि बाजार यांच्या सोयीने आखली. ‘स्टार्व्ह’चेही तसेच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता मरणे असा होता, जर्मनमध्ये त्याच्या भावंडाचा अर्थ आजही तोच आहे. मरण्यासाठी ‘डाय’ रूढ झाल्यावर ‘स्टार्व्ह’ आक्रसत थंडीने वा भुकेने मरण्यापुरता उरला आणि शेवटी भुकेलाच चिकटला. ‘डीअर’ म्हणजे कोणतेही जनावर होते. फ्रेंच ‘बीस्ट’ आणि लॅटिन ‘ॲनिमल’ आल्यावर ते हरणापुरते उरले. १८९७ साली फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी या प्रवृत्तीला नियमाचे रूप दिले. एका अर्थाचे दोन शब्द भाषेत आले की समाज त्यांच्यात कामाची वाटणी करतो, असा त्यांचा सिद्धांत होता. अर्थविज्ञान या शाखेचे नाव ज्यांच्यामुळे रूढ झाले त्यांनीच हे सांगावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

या वाटणीची नोंद करण्याचे काम इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलले. आबे गाब्रिएल जिरार यांचे फ्रेंच शब्दांच्या नेमकेपणावरचे पुस्तक १७१८ साली आले. त्याचा आधार घेऊन जॉन ट्रस्लर यांनी १७६६ साली समानार्थी समजल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांतला फरक सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १७९४ साली डॉ. जॉन्सन यांच्या स्नेही हेस्टर पिओझ्झी यांनी ‘ब्रिटिश सिनॉनिमी’ दोन खंडांत लिहिले. त्या व्युत्पत्तीच्या मागे फारशा लागल्या नाहीत, रोजच्या संभाषणात कोणता शब्द कुठे शोभतो याकडे त्यांचे लक्ष होते. विद्वानांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तरी पुढचे शास्त्र ज्या दिशेने गेले ती दिशा त्यांना आधी दिसली होती, असे मी मानतो. त्यांच्यानंतर पारडे दुसरीकडे झुकले. विल्यम टेलर यांनी १८१३ साली आणि जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ साली मुळाशी जाऊन फरक सांगण्याची परंपरा पक्की केली. क्रॅब यांचा ग्रंथ विसाव्या शतकातही छापला जात होता. त्यांची मेहनत अफाट आहे. परंतु लॅटिन धातूपासून निघून आजच्या वापरापर्यंत पोहोचताना ते अनेकदा नसलेला फरक तर्काने उभा करतात, आणि असलेला फरक धातूत सापडत नाही म्हणून सोडून देतात. १८५१ साली एलिझाबेथ जेन व्हेटली यांचे छोटे, नेटके पुस्तक आले. त्याचे संपादन त्यांच्या वडिलांनी, डब्लिनच्या आर्चबिशपांनी, केले होते, आणि अनेकांनी लेखनाचे श्रेयही वडिलांच्याच नावावर जमा केले. या क्षेत्रातल्या दोन सूक्ष्म नजरा स्त्रियांच्या होत्या, ही गोष्ट इथे नोंदवायलाच हवी.

लगेच पुढच्या वर्षी, १८५२ साली, पीटर मार्क रोजे यांचा ‘थिसॉरस’ प्रसिद्ध झाला आणि विषयाची दिशाच पालटली. रोजे वैद्य होते, रॉयल सोसायटीचे सचिव राहिलेले होते आणि पुस्तक निघाले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्याचा पहिला कच्चा आराखडा त्यांनी १८०५ साली केला होता. त्यांनी साऱ्या कल्पनांचे सहा वर्ग पाडले, त्यांखाली एक हजार शीर्षके मांडली आणि प्रत्येकाखाली जवळचे शब्द ओळीने ठेवले. शब्दांतला सूक्ष्म भेद सांगणे आपल्या योजनेबाहेर आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले होते. ज्याला भाषा येते पण ऐन वेळी शब्द आठवत नाही, अशा लेखकासाठी ते साधन होते. पुढे ते अशा हातांत गेले ज्यांना भेद माहीत नव्हते, आणि ओळीत शेजारी बसलेला शब्द म्हणजे बदली चालणारा शब्द असा समज पसरला. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८५ पासून उभे राहिलेले ‘वर्डनेट’ हेही समानार्थी शब्दांचे संच करते. त्याच धर्तीवर आयआयटी मुंबईत मराठीचेही वर्डनेट तयार झाले. संगणकाला अशा संचांचा मोठा उपयोग आहे. लिहिणाऱ्या माणसाला मात्र संचाच्या आतली फट दिसावी लागते.

ती फट पाहण्याची आधुनिक रीत दोन टप्प्यांत घडली. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या वापरकोशात शब्दांची विभागणी ही भाषेची कमाई मानली आणि ती उधळणाऱ्यांना फटकारले. त्यांचे कान तयार होते, पण पुरावा बहुतेक त्यांच्या स्वतःच्या वाचनाचा होता. १९४२ साली मेरियम-वेबस्टरच्या समानार्थकोशाने नोंदींच्या मोठ्या संग्रहातून उदाहरणे दिली. खरा पालट झाला तो बर्मिंगहॅममध्ये. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हा जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडलेला विचार जॉन सिंक्लेअर यांनी संगणकावर उतरवला. कोट्यवधी शब्दांचा खरा मजकूर गोळा करून त्यावर १९८७ साली ‘कोबिल्ड’ कोश रचला. त्यातून अशा गोष्टी पुढे आल्या ज्या कोणत्याही व्याख्येत नव्हत्या. ‘सेट इन’ हे क्रियापद नुसते सुरू होणे दाखवते असे वाटते. पण सुरू होणाऱ्या गोष्टी पाहाव्यात तर कूज, निराशा, खराब हवा. ‘कॉज’ हा तटस्थ शब्द वाटतो, तरी त्याच्यापुढे बहुतेक वेळा नुकसान, त्रास, मृत्यू असेच काही येते. म्हणून यशाबद्दल ‘कॉज’ लिहिले की व्याकरण बिघडत नाही आणि तरी वाचणाऱ्याला खटकते. हे ज्ञान आपल्याला आपल्या भाषेत आपसूक असते. दूध नासते, खोबरे खवट होते, वरण आंबते, आणि भात शिळा झाला तरी तो खवट म्हणून कोणी टाकत नाही. इंग्रजीतही लोणी ‘रॅन्सिड’, अंडे ‘ॲडल्ड’, दूध ‘सावर’. यांतल्या कोणत्याही शब्दाची व्याख्या मराठी किंवा इंग्रज मुलाला कोणी सांगितलेली नसते. त्याने तो शब्द एका ठरावीक पदार्थाच्या शेजारी पुन्हापुन्हा ऐकलेला असतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. हे फरक कोणी तरी घडवलेले आहेत, जाणते इंग्रज लेखकही ते पाळत नाहीत, मग परक्या शिकणाऱ्याच्या माथी ते का मारावेत? आक्षेपात तथ्य आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांसाठी ‘लेस’, हा परीक्षांतला आवडता नियम घ्या. १७७० साली रॉबर्ट बेकर यांनी तो स्वतःची पसंती म्हणून मांडला. त्याआधी शेकडो वर्षे, अगदी राजा आल्फ्रेडच्या काळापासून, मोजता येणाऱ्या गोष्टींसोबतही ‘लेस’ चालत होता. असे नियम नियम म्हणूनच सांगायला हवेत. ते औपचारिक लेखनातले शिष्टाचार आहेत आणि न पाळल्याने अर्थ हरवत नाही. आक्षेप एवढ्यापुरता मी स्वीकारतो. पण त्यातून सगळेच फरक पोकळ आहेत हा निष्कर्ष निघत नाही. ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांची गोष्ट पाहिली की हे कळते. सतराव्या शतकात या दोघांचे वापर आजच्या उलटही आढळतात. निःपक्ष माणसाला ‘अनइंटरेस्टेड’ म्हटले जाई आणि बेफिकीर माणसाला ‘डिसइंटरेस्टेड’. इतिहासाच्या बळावर आजचा नियम सिद्ध करता येणार नाही. तरी हा फरक राखण्यासारखा आहे, कारण न्यायाधीश, पंच, परीक्षक यांच्याबद्दल बोलताना स्वतःचा लाभ गुंतलेला नसणे आणि रस नसणे या दोन वेगळ्या गोष्टींसाठी वेगळे शब्द लागतात. फरक मोलाचा की दिखाऊ हे ठरवायला एवढा एक प्रश्न पुरतो: तो पुसला तर काही सांगायचे राहून जाते का?

या कसोटीवर पाहिले की हा विषय आज इतका निकडीचा का आहे तेही उमगते. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असे लिहिले. अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांच्या मनात त्याचा अर्थ शंभरात पासष्ट असा होता. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले तेव्हा एकाच वाक्यावर सही करणाऱ्यांच्या मनातले आकडे शंभरात वीसपासून ऐंशीपर्यंत पसरलेले निघाले. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसीने अशा शब्दांना आकडे बांधून दिले आहेत: ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १००. त्याच विषयावर २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत अखेरच्या घटकेला भारताच्या आग्रहावरून कोळशाबाबतचे ‘फेज आउट’ बदलून ‘फेज डाउन’ झाले. बंद करण्याऐवजी कमी करणे मान्य झाले आणि एका शब्दाने जगभर चर्चेला तोंड फोडले. कायद्याने तर हे काम पूर्वीच हाती घेतले होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘थेफ्ट’, ‘एक्स्टॉर्शन’, ‘रॉबरी’ आणि ‘डकॉइटी’ यांच्या स्वतंत्र व्याख्या होत्या. आपल्या पोलिसी मराठीत चोरी, खंडणी, जबरी चोरी आणि दरोडा. पाच किंवा अधिक जण मिळून आले की जबरी चोरीचा दरोडा होतो आणि शिक्षेचे माप बदलते. आता भाषांतर आणि लेखन करणारी संगणकीय साधने प्रत्येकाच्या हातात आहेत, तेव्हा हे कष्ट कशाला, असेही विचारले जाईल. ही साधने शब्दांच्या संगतीवरच शिकलेली असतात, त्यामुळे सर्वसाधारण पत्रात ती सहसा योग्य शब्द सुचवतात. पण करारात ‘कन्सल्ट’ हवे की ‘कन्कर’, हे लिहिणाऱ्याच्या हेतूवर ठरते आणि त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर राहते. सुचवलेल्या दोन शब्दांतून निवडण्याचे काम पूर्वीपेक्षा अधिक वेळा आपल्या वाट्याला येणार आहे.

प्रस्तुत पुस्तक मराठी वाचकासाठी आहे, हे त्याच्या रचनेतून दिसावे असा प्रयत्न केला आहे. इंग्रजांसाठी लिहिलेले समानार्थकोश त्यांना जिथे शंका येते तिथे थांबतात. आपल्या शंका वेगळ्या जागी असतात. मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन-तीन, अशा जागा आपल्याला अडवतात. सावली म्हटले की झाडाखालचा गारवाही आला आणि भिंतीवर पडलेली आकृतीही, इंग्रजीत पहिल्याला ‘शेड’, दुसऱ्याला ‘शॅडो’. ऐकण्यात ‘हिअर’ आणि ‘लिसन’ दोन्ही सामावतात. राहणे एकच असल्यामुळे आपण ‘लिव्ह’च्या जागी सर्रास ‘स्टे’ वापरतो. हा वापर भारतभर आहे, स्कॉटलंडमध्येही आहे, आणि म्हणून त्याला सरसकट चूक म्हणणे मला मान्य नाही. भारतीय इंग्रजीने स्वतःच्या गरजेतून ‘प्रीपोन’सारखा शब्द घडवला. दिवस पुढे ढकलण्यासाठी शब्द होता, अलीकडे आणण्यासाठी नव्हता, तेव्हा ती भर न्याय्यच आहे. मात्र उत्तर देण्यासाठी ‘रिव्हर्ट’ लिहिताना भारताबाहेरचा वाचक पूर्वस्थितीला जाणे असा अर्थ घेऊ शकतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. पुस्तकात अशा ठिकाणी कोणत्या वाचकाला काय कळेल ते सांगितले आहे.

प्रत्येक गटात आधी शब्दांची सामाईक जमीन दाखवली आहे, मग प्रत्येकाचे नेहमीचे सोबती, त्याचा सूर, आणि शेवटी जिथे अदलाबदल निर्धोक आहे अशा जागा. व्युत्पत्ती टाळलेली नाही. ती स्मरणाला मदत करते आणि इतिहास म्हणून गोड लागते, निवाड्याचे काम मात्र तिला दिलेले नाही. शास्त्रीय परिभाषा आणि बोलीतले तात्पुरते शब्द वगळले आहेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना एकास एक प्रतिशब्दाची सवय होती आणि त्या शिस्तीने पुष्कळ माणसे इंग्रजी शिकली. तरी या पुस्तकात प्रतिशब्दापेक्षा पूर्ण वाक्यांवर भर आहे. काही गट मुद्दाम उघडे ठेवले आहेत. ‘कन्टिन्युअल’ म्हणजे थांबतथांबत पुन्हापुन्हा आणि ‘कन्टिन्युअस’ म्हणजे अखंड, हा भेद अनेक संपादक कसोशीने पाळतात आणि तितकेच चांगले लेखक पाळत नाहीत. तिथे दोन्ही बाजूंची वाक्ये शेजारी छापली आहेत आणि निर्णय वाचकाच्या कानावर सोपवला आहे.